ताटातले पाणी आणि पाटातले पाणी

गेल्या काही वर्षांत शहरांतील सुशिक्षित व सुस्थित वर्गात एक नवा उपदेश रुजू लागला आहे. माणसाने मांस सोडावे, जमल्यास दूधही सोडावे आणि केवळ वनस्पतिजन्य आहारावर राहावे. तसे केल्यास गोड्या पाण्याची फार मोठी बचत होईल, असा तो उपदेश आहे. त्यातील हिशेब खोटा नाही. मात्र ज्याला तो ऐकविला जातो तो माणूस चुकीचा आहे, आणि ज्याला ऐकवावयास हवा त्याच्या ओसरीवर हा उपदेश कधी पोचत नाही.

पुरोगामी कार्यकर्त्यांची या बाबतीतील प्रतिक्रिया बहुधा ठरलेली असते. हा जुन्या सोवळ्याचा नवा अवतार आहे, दुसऱ्याच्या चुलीत डोकावण्याची ही वरिष्ठ जातींची खोड आहे, असे म्हणून ते विषय झटकून टाकतात. या संशयाला आधार आहे. त्याचा विचार पुढे करू. पण संशय म्हणजे उत्तर नव्हे. पाण्याचा हिशेब नाकारून दुष्काळी मुलखात समाजवादी राजकारण करता येणार नाही. हिशेब आपल्या हाती घेणे आणि तो शेवटपर्यंत मांडणे, हाच मार्ग आहे.

हिशेब मुळात सोपा आहे. जनावर स्वतः जे पाणी पिते ते फार नसते. त्याच्या चाऱ्याला आणि खाद्याला जे पाणी लागते ते अफाट असते. धान्य माणसाने सरळ खाल्ले तर त्यातील सर्व पोषण माणसाला मिळते. तेच धान्य आधी कोंबडीला किंवा डुकराला घालून मग त्याचे मांस खाल्ले तर बहुतांश पोषण त्या प्राण्याच्या जगण्यातच खर्ची पडते. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचे मेकोनन आणि हूकस्ट्रा यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेली जागतिक सरासरी अशी : एक किलो गोमांसामागे सुमारे १५,४०० लिटर पाणी, कोंबडीच्या मांसामागे ४,३००, अंड्यांमागे ३,३००, धान्यामागे १,६००, भाजीपाल्यामागे ३००. कडधान्यांचा आकडा ४,००० लिटरचा, म्हणजे कोंबडीच्या जवळपासचा दिसतो. परंतु प्रथिनांच्या मापाने पाहिले की फरक उघड होतो. एक ग्रॅम प्रथिनामागे डाळीला १९ लिटर, दुधाला ३१, कोंबडीला ३४ आणि गोमांसाला ११२ लिटर पाणी लागते. जगात पिकणाऱ्या धान्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग जनावरांच्या दावणीत जातो, हे यासोबत लक्षात घेतले तर प्रश्नाची व्याप्ती कळते.

मराठवाड्यातील वृद्ध माणसांना ही व्याप्ती पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. १९७२-७३च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, मिलो, मिळत असे. खडी फोडून आलेल्या बायाबापड्यांनी तिच्या भाकरी थापल्या. अमेरिकेत ती मुख्यतः जनावरांसाठी पिकविली जात होती. तिकडच्या दावणीतले धान्य इकडच्या परातीत आले, आणि त्यावर लक्षावधी माणसे जगली. दावण आणि परात यांच्यामध्ये धान्याची वाटणी कशी होते, हा प्रश्न त्या वर्षी जसा नागडा दिसला तसा कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

तेव्हा वनस्पतिजन्य आहार पाणी वाचवितो, हे मान्य. आता दोन प्रश्न विचारले पाहिजेत. कोणती वनस्पती? आणि कोणाचे ताट?

परभणी-परळी लोहमार्गावरचे पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या देवस्थानासाठी सर्वदूर परिचित आहे. नृसिंह जयंती येते वैशाख शुद्ध चतुर्दशीला, म्हणजे नेमकी अशा वेळी की मराठवाड्यातील विहिरी तळ गाठतात आणि बायांच्या डोक्यावरच्या घागरींचा प्रवास लांबतो. या परिसरातील शेतमजुराच्या घरी रोजचे ताट काय असते? ज्वारीची भाकरी, आणि अलीकडे रेशनच्या गव्हाची पोळी. तुरीचे किंवा मुगाचे पातळ वरण. अंबाडीची नाहीतर करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी. जवसाची चटणी, ठेचा. दूध चहापुरते. मांस कधी आठवड्याला, कधी महिन्याला, कधी जत्रेपुरते. वनस्पतिजन्य आहाराचा पुरस्कार करणाऱ्यांनी जे ध्येय म्हणून पुढे ठेवले आहे, त्याच्या जवळपास हा माणूस कित्येक पिढ्या राहिला आहे. आणि तो तत्त्वासाठी नव्हे, परिस्थितीमुळे. त्याला पाण्यासाठी मांस सोडावयास सांगणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे.

आणि शाकाहाराची प्रतिष्ठा मिरविणाऱ्या सुखवस्तू ताटाचे काय? त्या ताटात मांस नसते. तूप असते, पनीर असते, श्रीखंड असते. वर उल्लेखिलेल्या तक्त्यातच एक किलो लोण्यामागे साडेपाच हजार लिटर पाणी दिले आहे, म्हणजे कोंबडीच्या मांसापेक्षा अधिक. ऐन उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर लसूणघास पोसून काढलेल्या दुधाचे तूप पानात वाढून घेताना पाण्याची चिंता कोणास स्पर्श करीत नाही. शेजारच्या वस्तीत रविवारी शिजणाऱ्या रश्श्याचा वास आला की मात्र भूजलाची आठवण होते. पाण्याचा हिशेब करावयाचा तर तो सोवळ्या आणि ओवळ्या दोन्ही भांड्यांचा करावा लागेल.

येथे आकड्यांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे, कारण नुसत्या लिटरांच्या बेरजा दिशाभूल करतात. त्याच संशोधकांच्या जागतिक सरासरीनुसार एक किलो ज्वारीमागे सुमारे ३,००० लिटर पाणी लागते आणि उसाच्या एक किलो साखरेमागे सुमारे १,८०० लिटर. एवढ्यावरच थांबले तर साखर काटकसरी आणि ज्वारी उधळी, असा निष्कर्ष निघेल! खोच अशी की पाणी दोन प्रकारचे असते. एक, पावसाचे, जमिनीत मुरलेले आणि ओलीच्या रूपाने तेथेच असलेले. संशोधक त्याला हिरवे पाणी म्हणतात. दुसरे, नदी, धरण, विहीर आणि बोअर यांतून उचललेले. ते निळे पाणी. ज्वारीच्या तीन हजार लिटरांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी हिरवे आहे. रब्बीची ज्वारी तर काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर उभी राहते. ती पेरली नाही म्हणून ती ओल काही कोणाच्या घागरीत येत नाही. उसाने उपसलेले पाणी मात्र घागरीत येऊ शकले असते. अर्थशास्त्रात वस्तूची खरी किंमत तिच्या पर्यायी उपयोगावरून ठरते; पाण्यालाही तोच नियम लागू आहे.

हाच न्याय जनावरांनाही लावला पाहिजे, नाहीतर हिशेब पक्षपाती होईल. बांधावरचा पाला ओरबाडणारी शेळी आणि कडब्यावर जगणारा बैल माणसाच्या पाण्यात वाटेकरी होत नाहीत. ज्वारीचे कणीस माणसाला आणि ताट जनावराला, अशी ही जुनी व्यवस्था आहे. एकाच ओलीवर दोघे जगतात. भूमिहीन बाईची शेळी हा तिचा अडीनडीचा पैसा आहे, आणि त्या शेळीच्या मटणामागे हजारो लिटर पाणी दाखविणारा आकडा जवळपास सगळा पावसाच्या पाण्याचा आहे. उलट, बागायती चाऱ्यावर पोसलेल्या संकरित गाईंचे गोठे आणि मका-सोयाबीनच्या खाद्यावर चालणाऱ्या कोंबड्यांच्या मोठमोठ्या शेड यांची गोष्ट वेगळी आहे. परभणीच्या शिवारात खरिपात आज सोयाबीनच सोयाबीन दिसते. त्याचे तेल निघते आणि पेंड जाते कोंबडीखाद्यात. जेथे एकेकाळी मूग, उडीद आणि खरीप ज्वारी पिकत होती, त्या जमिनीतून आता शहराच्या थाळीतील कोंबडी निघते. शहरी मध्यमवर्गाने आपल्या ताटातील कोंबडी आणि पनीर कमी केले तर या जमिनीवर आणि तिच्या पाण्यावर खरोखर परिणाम होईल. उपदेशाचे खरे गिऱ्हाईक तेथे आहे.

परंतु मराठवाड्यातील निळ्या पाण्याचा सर्वांत मोठा भक्षक प्राणी नाहीच. तो एक वनस्पती आहे, आणि त्याचे नाव ऊस.

केंद्र सरकारच्याच कृषी मूल्य आयोगाने उसाच्या दरासंबंधीच्या आपल्या अहवालात नमूद केले होते की महाराष्ट्रात लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहूनही कमी जमिनीवर असलेला ऊस सिंचनाचे जवळजवळ सत्तर टक्के पाणी घेतो. २०१९ साली मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तालयाने शासनास अहवाल पाठविला. त्यात विभागातील ३ लाख १३ हजार हेक्टर उसाला हेक्टरी १९६.७८ लाख लिटर पाणी लागते असा हिशेब होता. हेक्टरभर शेतात जवळपास दोन मीटर, म्हणजे पुरुषभर उंचीचे पाणी उभे करावे, असा त्याचा अर्थ. एकूण पाणी होते सुमारे २१७ अब्ज घनफूट. जायकवाडीचा उपयुक्त साठा साधारण ७७ अब्ज घनफूट आहे. म्हणजे उसाला त्याच्या पावणेतीन पटींहून अधिक पाणी लागते. यातील काही वाटा पाऊस उचलतो हे खरे, पण पाऊस चार महिने पडतो आणि ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो. उरलेल्या महिन्यांचे पाणी पाटातून, विहिरीतून आणि बोअरमधून येते. हेक्टरी ८० टन उत्पादन आणि दहा-अकरा टक्के उतारा धरला, तर येथील एक किलो साखरेमागे सव्वादोन ते अडीच हजार लिटर पाणी पडते. ही साखर शंभर टक्के वनस्पतिजन्य आहे. आणि अलीकडे तर उसाचा रस व मळी यांपासून इथेनॉल काढून ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. म्हणजे दुष्काळी तालुक्यातील पाणी माणसाच्या पोटातही न जाता थेट मोटारीच्या टाकीत जाते.

एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणले आणि देशभरातील वृत्तपत्रांनी त्याची छायाचित्रे छापली. आयुक्तालयाच्या वरील हिशेबाने पाहिले तर ही पहिली गाडी एका हेक्टर उसाच्या गरजेचा चाळिसावा हिस्सा घेऊन आली होती. त्याच २०१५-१६च्या हंगामात मराठवाड्यातील साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली होती. त्या छायाचित्रांशेजारी कोणी ती धुराडी छापली नाहीत.

ऊस लावणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला येथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयाचे नाही. दोन एकरांचा शेतकरी ऊस लावतो तो पाण्याच्या लोभाने नव्हे, भावाच्या भरवशाने. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाने त्याच्या मालाला कायदेशीर दर आणि चौदा दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क वेळेवर बजावला जात नाही, हे निराळे. ज्वारीलाही आधारभूत किंमत जाहीर होते. २०२५-२६ साठी मालदांडीची ती क्विंटलला ३,७४९ रुपये आहे. पण त्या किमतीला ज्वारी विकत घेण्याचे बंधन कोणावर आहे? व्यापाऱ्यावर नाही, सरकारवरही नाही. उसाच्या दराला कायद्याचे बळ आणि ज्वारीच्या दराला फक्त शासकीय पत्रक, अशी विषम व्यवस्था राज्यकर्त्यांनी उभी केली, आणि साखर कारखान्यांभोवती फिरणाऱ्या सत्तेला ती सोयीची होती म्हणून ती टिकली.

आता चुलीत डोकावण्याविषयी. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेला पशुसंरक्षण दुरुस्ती कायदा राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये अंमलात आला आणि गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. पाणीबचतीचे समर्थन त्याला नंतर जोडले गेले. प्रत्यक्षात काय झाले? म्हातारा बैल विकण्याची वाट बंद झाली. दुष्काळात त्याला दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी आणि वैरण शेतकऱ्यानेच पुरवावयाची. दलित व मुसलमान वस्त्यांतील सर्वांत स्वस्त प्रथिन मात्र ताटातून गेले. पाणी तर वाचले नाहीच.

अंड्याची कथा याहून उद्वेगजनक आहे. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी काढून घेतला. ज्या शाळांना अंडी द्यावयाची असतील त्यांनी लोकवर्गणी गोळा करावी, असे सांगण्यात आले. एका अंड्यामागे जागतिक सरासरीने सुमारे दोनशे लिटर पाणी जाते. या मापाने एका हेक्टर उसाच्या पाण्यात एक लाख अंडी बसतात. आठवड्याला एक याप्रमाणे जवळपास एकोणीसशे मुलांची वर्षभराची अंडी! जी मुले डाळही पुरेशी खात नाहीत त्यांच्या पुढ्यातले अंडे उचलून कोणी जलसंधारणाची गोष्ट करू लागला, तर त्याला प्रथम या हेक्टरचा हिशेब विचारला पाहिजे.

याचा अर्थ आहार आणि पाणी यांचा संबंध सामूहिक निर्णयाने बदलता येत नाही, असा नव्हे. महाराष्ट्रातच तो बदलला गेला आहे. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा दंडक असा होता की पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे तर माणसावर ठरेल, भूमिहीनालाही तो मिळेल, आणि वाटणीच्या पाण्यावर ऊस घेता येणार नाही. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारनेही उसावर आणि शेतीच्या बोअरवर बंधन घालून घेतले. ऊस बंद झाल्याने तेथील माणसे उपाशी मेली नाहीत; धान्य, डाळ, भाजी यांचे क्षेत्र वाढले. १९७९ साली वि. म. दांडेकर, देऊस्कर व दत्ता देशमुख यांच्या समितीने धरणांचे पाणी बारमाही उसाला न देता आठमाही पद्धतीने अधिक शेतकऱ्यांच्या हंगामी पिकांना देण्याचा विचार मांडला होता. दत्ता देशमुखांसारख्या कष्टकऱ्यांच्या नेत्याचे नाव त्या समितीत असणे हा योगायोग नव्हता. तत्त्व मान्य झाले, १९८७ साली धोरण म्हणून जाहीरही झाले, आणि बागायतदारांच्या लॉबीने ते कागदावरच ठेवले.

ताटाची बाजू यापेक्षाही दुर्लक्षित आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू आणि तांदळाबरोबर भरड धान्याचाही समावेश होता. किलोला एक रुपया या दराने. २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. परंतु मराठवाड्यातील रेशन दुकानात गहू आणि तांदूळ हीच नित्याची दोन पोती. ज्वारी येते ती सणासारखी. पंजाबच्या भूगर्भातून विजेच्या पंपाने उपसलेल्या पाण्यावरचा तांदूळ शेकडो कोसांवरून पोखर्णीच्या मजुराच्या घरी येतो, आणि त्याच्या घरामागच्या रानात ओलीवर येणारी ज्वारी भाव नाही म्हणून मागे हटते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ पोखर्णीहून दूर नाही. त्याने २०१८ साली लोह व जस्त अधिक असलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण प्रसारित केले. रक्तक्षयाने पिवळ्या पडलेल्या बायका ज्या जिल्ह्यात आहेत त्याच जिल्ह्यात लोहयुक्त ज्वारीचे बियाणे तयार झाले. ते शेतात पेरले जावे आणि त्याचे धान्य रेशनच्या मापात पडावे यासाठी एक सरकारी खरेदी केंद्र पुरेसे आहे. परंतु ते उघडण्यात कोणाचा कारखाना चालत नाही.

ज्वारी आणि तूर यांची हमीभावाने बंधनकारक खरेदी, ती खरेदी जिल्ह्याच्या जिल्ह्यात रेशनवर आणि शाळेच्या खिचडीत, मुलांना अंडे परत, आणि पाटाच्या पाण्यात हंगामी धान्य व डाळींना पहिला हक्क : वनस्पतिजन्य आहाराने पाणी वाचवावयाचे तर ते या चार मागण्यांच्या वाटेने वाचेल. शहरातील सहानुभूतीदार आपल्या घरी कोंबडी आणि पनीर कमी करणार असतील तर त्यांनी जरूर करावे. त्यासोबत त्यांनी गव्हाऐवजी महिन्याला पाच-दहा किलो ज्वारी शेतकऱ्याकडून हमीभावाला उचलली तर पोखर्णीच्या परिसराला त्याचा अधिक उपयोग होईल.

पैठणचा डावा कालवा २०८ किलोमीटर वाहत परभणी जिल्ह्यात येतो. रब्बीच्या आवर्तनापूर्वी कालवा सल्लागार समितीची बैठक भरते आणि शेतकऱ्यांकडून सात नंबरचे पाणी मागणी अर्ज भरून घेतले जातात. या बैठकीत बहुधा आमदार, अधिकारी आणि मोठे बागायतदार बोलतात. या वर्षी तालुक्यातील कार्यकर्त्यांनी गावोगावचे ज्वारी-हरभऱ्याचे अर्ज दिवाळीपूर्वी भरून घ्यावेत, कोणत्या पिकासाठी किती पाणी सुटले याची गावनिहाय यादी जाहीर करण्याची लेखी मागणी करावी, आणि ती यादी हाती आल्यावर ती चावडीवर वाचून दाखवावी.